मीटर बंद, भाव चालू

हार्वेस्टरचा रंग ताजा होता आणि तेवढ्यावरच मामाचं मन अर्धं उठलं.

वाशिमहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत ते उभं होतं. पुढचा चौदा फुटी कटर बार सोडवून ट्रॉलीवर आडवा ठेवलेला. दिवाळी नुकतीच आटोपलेली. बहुतेक रानांतली सोयाबीनची सोंगणी उरकली होती, पावसानं लांबलेली काही शिवारं तेवढी उभी होती. पंजाबातल्या नाभ्याकडचा मालक परतीच्या वाटेवर होता आणि हजाराहून जास्त किलोमीटर मागं हाकत नेण्यापेक्षा मशीन इथंच विकावं, असा त्याचा विचार होता. 2016चं मॉडेल. मागणी 11 लाखांची.

भाच्याला तोच ताजा रंग आवडला होता. वय तिशीतलं, घरचं रान 22 एकर, खिशातल्या मोबाइलवर आकडेमोड तयार. मामाची तालुक्याच्या गावी ट्रक-ट्रॅक्टरच्या गॅरेजात पस्तीस वर्षं गेलेली. या मुलखात मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. त्यामुळं भाच्याला सरळ मूर्ख म्हणायची सोय मामाला नाही. तो फक्त ‘भाचेबुवा’ म्हणतो. त्या दिवशी तो शब्द फार वेळा ऐकू आला.

“मामा, नवं मशीन तीस लाखांचं. हे अकरात मिळतंय,” भाच्यानं सुरुवात केली.

“तीस कधी होतं, भाचेबुवा?”

प्रश्न बरोबर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून कापणी-मळणीच्या यंत्रांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. चौदा फुटी कटर बारच्या हार्वेस्टरमागं 1 लाख 87 हजार 500 रुपये वाचतील, असं केंद्र सरकारनंच तेव्हा सांगितलं होतं. म्हणजे तीस लाखांचं यंत्र सव्वाअठ्ठावीसच्याही आत आलं. 2016चं हे यंत्र तर जीएसटीच्याही आधीचं. त्याच्या मालकाला या कपातीतला रुपयाही मिळायचा नाही. पण जुन्याचा भाव नव्याच्या सावलीत चालतो. नवं सव्वासहा टक्क्यांनी उतरलं, तर त्याच मापानं 11 लाखांतले सत्तर-एक हजार बसल्या जागी कमी व्हायला हवेत. मालकानं हे ऐकलं आणि चहा मागवला.

भाच्याची मांडणी मात्र कराच्या हिशेबावर उभी नव्हती. त्याच्या मते यंत्राची किंमत यंत्राकडं बघून ठरवायचीच नसते. ते किती कमवून देईल, यावर ठरवायची. सोयाबीनचे दिवस वीस. दिवसाला पंधरा एकर. एकरी दोन हजार. झाले सहा लाख. एकरी पाच लिटर डिझेल, ड्रायव्हर, दोन पोरं आणि एजंटाचं कमिशन काढलं, तरी तीन-सव्वातीन लाख हातात. त्यावर फेब्रुवारीत हरभरा, मार्चात गहू. “तीन वर्षांत पैसे फिटतात. चौथ्या वर्षी भंगारात घातलं तरी चालतंय.”

पंधरा एकरांचा आकडा हवेतला नव्हता. चौदा फूट म्हणजे 4.27 मीटर रुंदी. ताशी चार किलोमीटरनं मशीन चाललं आणि वळणं, टाकी रिकामी करणं, चोंदलेला पाला काढणं यात तीस टक्के वेळ गेला, तरी तासाला तीन एकर होतात. सकाळचं दव उडून शेंग कडक व्हायला दहा-अकरा वाजतात. संध्याकाळी ती पुन्हा मऊ पडते. कामाचे सहा-सात तास धरले तरी अठरा-वीस एकर बसतात. भाच्यानं त्यातले पंधराच धरले होते.

“रान एका जागी असलं तर,” मामा म्हणाला. “आपल्याकडं दोन एकराचा एक तुकडा, पुढचा अर्ध्या कोसावर. मधी पाणंद. पाणंदीतनं चौदा फूट जातंय का? बार सोडा, ट्रॉलीवर टाका, पलीकडं जाऊन पुन्हा जोडा. त्यात दोन दिवस पाऊस आला की चार दिवस वाफसा नाही. विसाचे बारा दिवस धर.”

बारा दिवसांचे 180 एकर होतात आणि हातात राहतात दोनच्या आसपास लाख. सोयाबीनच्या एकट्या हंगामावर 11 लाख फिटायला पाच वर्षांहून जास्त लागतील. भाच्याच्या तीन वर्षांपेक्षा हा हिशेब वाशिमच्या मातीला जास्त धरून आहे, हे मान्य करावं लागतं. पण मामानं गहू-हरभऱ्याचा उल्लेखच टाळला, तेही नोंदवायला हवं. घासाघीस करणारा माणूस आपल्या सोयीचा हंगाम मोजतो.

ही यंत्रं इथवर आली कशी, याची हकिकत थोडक्यात अशी. 1980 मध्ये पंजाब ट्रॅक्टर्सनं ‘स्वराज 8100’ हे देशी बनावटीचं स्वयंचलित कंबाइन हार्वेस्टर बाजारात आणलं. पुढं भादसों, नाभा, बरनाला, मलेरकोटला अशा गावांतून हार्वेस्टरचे कारखाने वाढले. घरच्या गव्हा-भातावर यंत्राचं कर्ज फिटत नाही, म्हणून मालक पिकाच्या मागं देशभर हिंडू लागले. सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेश आणि विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन, वसंतात दक्षिणेकडून गहू कापत कापत एप्रिलच्या मध्याला पंजाबात, बैसाखीला. 2020च्या टाळेबंदीत सगळा देश दाराआड असताना केंद्रीय गृह मंत्रालयानं 27 मार्चलाच या यंत्रांच्या राज्याबाहेरच्या वाहतुकीला सूट दिली होती. गहू कुणासाठी थांबत नाही.

या भटकंतीनंच वयाचा घोळ केला आहे. घरच्या शेतावर वर्षातून दोनदा चालणारं पंधरा वर्षांचं मशीन तरुण असू शकतं आणि आठ महिने मुलूखगिरी करणारं पाच वर्षांचं मशीन म्हातारं. मॉडेलचं साल बघून भाव ठरवणारं गिऱ्हाईक इथंच फसतं. मग तास बघावेत, तर तासमापी बंद. कधीपासून, असं मामानं विचारलं. “वो तो शुरू से ही बंद है जी,” मालकानं हसत सांगितलं. मामाही हसला. ज्या क्लच पेडलवरची रबराची नक्षी पार पुसून खालचं लोखंड चकाकत होतं, ते त्यानं भाच्याला बोटानं दाखवलं. शिडीच्या पायऱ्या मधोमध झिजून वाकल्या होत्या. रंग बाकी सगळीकडं पोचला होता, पेडलवर नाही.

“पण मामा, इंजिनाचे अर्धे तास तर रस्त्यावरचे असणार. नाभ्याहून इथवर ते आपल्या पायानं आलंय. तेवढा वेळ ड्रम थोडाच फिरला?”

हा मुद्दा पक्का. अमेरिकेत जुनी कंबाइन विकताना इंजिनाचे तास आणि मळणीच्या भागाचे तास वेगवेगळे सांगतात, ते याचसाठी. मामालाही तो पटला. मात्र त्यानं तो उलटा करून भाच्याच्याच पदरात टाकला. “म्हणून तर म्हणतोय, इंजिन ऐकत बसू नको. गिऱ्हाईक येतंय, इंजिन चालू करायला लावतंय, आवाज ऐकून मान डोलावतंय. यावरचं इंजिन लेलँडचं. ट्रकचं. त्याचा पिस्टन, त्याचा पंप वाशिममधी मिळतोय. मी स्वतः बांधून देईन. पोट बघ पोट.”

तरीही इंजिनाची परीक्षा त्यानं सोडली नाही. सर्वांत आधी सायलेन्सरच्या मुळाशी हात लावला. गार होतं, म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी मशीन तापवून ठेवलेलं नव्हतं. दुसऱ्या सेल्फला उठलं. धूर आधी पांढरट, मग विरला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही काळा सुटत राहिला तर पंप-नोझलचं दुखणं. इथं दोन्ही नव्हतं. ऑइल भरायचं झाकण काढून त्यावर तळहात धरला. बॅक कॉम्प्रेशन थोडं होतं. “एक-दोन हंगाम काढतंय,” एवढं बोलून तो खाली उतरला. पाच मिनिटांत इंजिन संपलं.

पोटाला दोन तास लागले.

मळणीच्या ड्रमवर खाचांच्या पट्ट्या असतात, रास्प बार म्हणतात त्यांना. या पट्ट्या आणि खालची जाळी, म्हणजे कॉन्केव्ह, यांच्या फटीतून पीक घासत जातं आणि शेंगेतून दाणा सुटतो. खाचांच्या कडा गुळगुळीत झाल्या की चालक फट कमी करतो, ड्रमचा वेग वाढवतो. काम होतं, पण दाणा फुटतो. मामानं बाजूचं झाकण काढून प्रत्येक पट्टीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एक सोडून सगळ्या सारख्या झिजलेल्या. ती एक नवी कोरी.

“ही बघ. दगड गेला असणार. एक मोडली, एक बदलली. समोरासमोरची जोडी बदलायची असती, नाहीतर ड्रमचा तोल जातो. तोल गेला की बेअरिंग जातं.” मळणी जोडून मशीन अर्धा तास रिकामं पळवल्यावर त्यानं ड्रमच्या शाफ्टची दोन्ही टोकं चाचपली. डावं कोमट होतं. उजव्यावर हात ठेववेना.

सोयाबीन हे पीक झिजेच्या बाबतीत गव्हापेक्षा वाईट. शेंगा बुडाशी लागतात, त्यामुळं कटर बार जमिनीला घासत चालवावा लागतो आणि दाण्याबरोबर माती, खडे आत ओढले जातात. भाताच्या तुसात सिलिका असते, तीही लोखंड खाते. हे मशीन दोन्ही पिकांतून गेलेलं. कापलेलं पीक आत ओढणाऱ्या फीडर चेनच्या पट्ट्या वाकलेल्या, कड्या सैल. टाकीतून दाणा बाहेर टाकणाऱ्या ऑगरच्या नळीवर मामानं पान्यानं टिचकी मारली. वरच्या बाजूला ठण्ण आवाज आला, खाली पत्र्याच्या डब्यासारखा. नळी तळातून कागदाएवढी पातळ उरली होती. दोन ठिकाणी वेल्डिंगचे ठिपके होते आणि त्यांवर तोच ताजा रंग. भाच्याचा चेहरा तिथं पहिल्यांदा उतरला.

मामानं बोटं मोजली. फीडर चेन, रास्प बारचा संच, बेअरिंग, ऑगरची नळी, दोन पट्टे, मजुरी. त्याचा अंदाज दीड लाखाचा.

दुरुस्तीचा खर्च सरळ रेषेत वाढत नाही, हे अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेनं मानकातच मांडून ठेवलं आहे. स्वयंचलित कंबाइनचं अंदाजे आयुष्य त्यांनी 3,000 तासांचं धरलं आहे आणि त्यात एकूण दुरुस्ती मूळ किमतीच्या 40 टक्के. पण त्यांच्या सूत्रात तास दुप्पट झाले की तोवरचा दुरुस्तीखर्च चौपटीहून जास्त होतो. म्हणजे आयुष्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्याच्या तिप्पट महाग. जुनं घेणारा नेमका तोच अर्धा विकत घेत असतो. अर्थात ते हिशेब तिकडच्या मजुरीचे. इकडं लेथवर बूश कातून मिळतो, नळीला नवा पत्रा गुंडाळून मिळतो आणि 3,000 तास ओलांडलेलं यंत्र सुखानं चालतं. भाच्यानं हेच बोलून दाखवलं, फक्त वेगळ्या शब्दांत: “मामा, तुमच्यासारखे लोक असताना भंगार होतंय कशाला?”

मामाला ते आवडलं असावं, पण त्यानं दाखवलं नाही.

मग भाच्यानं आपला हुकमी पत्ता काढला. पंजाबात 2018 पासून भात कापणाऱ्या कंबाइनला मागच्या बाजूला सुपर एसएमएस बसवणं सक्तीचं आहे. मागून पडणारा पेंढा बारीक करून पसरवणारी ही जोडणी, शेतातला धूर कमी व्हावा म्हणून. या मशीनला ती नव्हती. “त्यांना हे भातात चालवायचं तर एसएमएस बसवावं लागणार. आपल्याला त्याची गरजच नाही. त्यांच्याकडं ज्याचं मोल घटलंय, ते आपल्याकडं पुरेपूर कामाचं. स्वस्तात मिळायचं कारण हे आहे, खोट नाही.”

“मग त्याला तिकडच्या भावानं विकू दे की. इकडचा भाव काहून मागतोय?”

दोघांचं बोलणं एकाच सत्याची दोन टोकं होती. एसएमएस नसल्यानं मशीन वाईट ठरत नाही. पण विकणाऱ्याच्या हातातले पर्याय कमी होतात आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असेल तर भाव तिथंच उतरतो.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. रस्त्यालगत एका शेतकऱ्याचं तीन एकर उभं होतं. मामानं तार वाकवून एक फूट बाय एक फुटाची चौकट केली. मशीन जायच्या आधीच उभ्या पिकात ती चार ठिकाणी टाकून जमिनीवर गळालेले दाणे मोजले: सरासरी दोन. मग मशीन फिरलं. मागच्या पट्ट्यात, भुसा बाजूला सारून, पुन्हा चार ठिकाणी मोजणी. सरासरी नऊ. आधीचे दोन वजा केले, मशीनच्या नावावर सात.

सात दाणे ऐकायला काहीच वाटत नाहीत. एकरात 43,560 चौरस फूट असतात. शंभर दाण्यांचं वजन 12 ग्रॅम धरलं, तर सात दाण्यांचे एकरी साडेछत्तीस किलो होतात. 2025-26चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. त्या दरानं साधारण 1,950 रुपये. शेतकरी सोंगणीचे दोन हजार देतो आणि जवळपास तेवढंच सोयाबीन रानात सोडून येतो. हमीभाव मिळतोय कुणाला, असं भाच्यानं पुटपुटून पाहिलं. क्विंटलला चार हजार धरले तरी नुकसान चौदाशेच्या वर जातं.

“पुढच्या वर्षी हा शेतकरी तुला बोलावतोय का हडंबा लावतोय?” मामानं विचारलं. हडंबा म्हणजे मळणीयंत्र. “हडंब्यात दाणा सुडीखाली तरी पडतो, वेचता येतो. वर कुटार मिळतंय.”

इथं वाद संपला असता. पण भाच्यानं कधी तरी कुठं वाचलं होतं म्हणा किंवा सुचलं म्हणा, त्यानं चालकाला मशीन मधेच थांबवून दहा-बारा फूट मागं घ्यायला सांगितलं. आता कटर बार ज्या पट्ट्यावरून गेला होता, पण ज्यावर मागचा भुसा अजून पडला नव्हता, तो पट्टा उघडा झाला. तिथं चौकट टाकली: आठ दाणे. आधीचे दोन वजा केले तर सहा. म्हणजे सातांतले सहा दाणे पुढंच सांडत होते, कापताना. मागून, चाळणी आणि पेंढा झाडणाऱ्या वॉकरवरून, जेमतेम एक. सोयाबीनमध्ये बहुतेक नुकसान पुढच्या बाजूलाच होतं, हे जगभरचे कृषी अभियंते सांगत आलेत.

मामा बराच वेळ गप्प उभा राहिला. मग कटर बारजवळ बसून त्यानं पात्यांवरून बोट फिरवलं. बोथट. फिंगर दोन वाकलेली. पीक पात्यांकडं ओढणारी रील पळत होती मशीनच्या चालीपेक्षा फार जोरात, शेंगांना झोडपत. पाती आणि फिंगर या हार्वेस्टरमधल्या स्वस्तातल्या वस्तू. रीलचा वेग तर फुकट बदलतो. तो बदलून, चाल थोडी कमी करून शेवटचा पट्टा कापला, तेव्हा मशीनच्या नावावरचे दाणे सातावरून चारावर आले. टाकीतल्या मुठीत फुटकी डाळ दिसत होती, तिचं कारणही निघालं: ड्रम जवळपास गव्हाच्या वेगानं फिरत होता. सोयाबीनला तो बराच खाली आणावा लागतो. पुली बदलून वेग उतरवल्यावर दुसऱ्या मुठीत फुटके दाणे शोधावे लागले.

“पोट चांगलं आहे म्हणा की,” भाचा म्हणाला.

“चालवणारा वाईट होता,” मामानं दुरुस्ती केली. पण त्यानं सकाळी मनाशी धरलेला साडेसात लाखांचा आकडा उच्चारला नाही.

जुनं यंत्र पारखताना दोघांपैकी कोण बरोबर, असं विचारलं तर कौल मामाच्या बाजूनं जास्त जातो. झिजलेली नळी, एकटी नवी पट्टी, तापणारं बेअरिंग या गोष्टी पैशात मोजता येतात आणि त्या मोजल्याशिवाय बोलणी करणं वेडेपणाचं. पण शेतात लावलेल्या त्या चौकटीनं एक गोष्ट उघड केली, ती गॅरेजच्या डोळ्यांना दिसली नव्हती. सांडणारा दाणा यंत्राच्या म्हातारपणाचा आहे की हाकणाऱ्याच्या घाईचा, हे वेगळं काढल्याखेरीज भाव करू नये. पहिल्या दोषाची किंमत लाखात असते, दुसऱ्याची काही हजारांत. दोष दुसऱ्या जातीचा असेल आणि विकणाऱ्याला ते उमगलं नसेल, तर सौदा घेणाऱ्याच्या फायद्याचा.

कागदपत्रांचा वाद झालाच नाही, कारण तिथं दोघं एक होते. नोंदणी पंजाबची; त्यामुळं तिकडच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म 28, हस्तांतरणाचे 29 आणि 30. आरसी बुकावर एका वित्तसंस्थेचा बोजा अजून दिसत होता. कर्ज फिटलंय, असं मालक सांगत होता आणि कदाचित फिटलंही असेल. पण फॉर्म 35 शिवाय ते कागदावर फिटत नाही. असा बोजा न उतरवता घेतलेलं मशीन ऐन हंगामात जप्त होऊ शकतं, हे मामानं भाच्याला सांगावं लागलं नाही.

बोलणी रात्री ढाब्यावर झाली. मालक अकरावरून दहावर आला, मग साडेनऊवर थांबला. भाचा तिथंच हो म्हणायला निघाला होता. मामानं टेबलाखाली त्याचा पाय दाबला आणि दीड लाखाच्या दुरुस्तीची यादी एकेक करून वाचून दाखवली. ऑगरच्या नळीपाशी मालकानं हात जोडले. सौदा 8 लाख 60 हजारांना ठरला. इसार 51 हजार, बाकी रक्कम ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म 35 हातात पडल्यावर. मशीन तोवर मामाच्या गॅरेजमागं उभं राहील आणि नव्या रास्प बारच्या जोड्या वजन करून मामा स्वतः बसवील, असं ठरलं. मजुरी घेणार का, हा प्रश्न भाच्यानं विचारला नाही.